जांभळ्या भिंतीचं घर

आमच्या वर्ध्याच्या बिऱ्हाडात एकच चित्र होतं, आणि काढणारा सोडून ते कोणालाच आवडत नव्हतं.

काढणारा माझा मोठा भाऊ. त्याला आम्ही दादा म्हणायचो. तो वर्ध्यातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होता आणि मी कॉलेजसाठी त्याच्याकडे राहायला होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भाड्याच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत चार खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या बरोबर समोर ते चित्र. येणारा माणूस बसायचा, पाणी प्यायचा, चित्राकडे बघायचा आणि हमखास विचारायचा, "मास्तर, हे पुरं कधी करता?" दादा म्हणायचा, "पुरं झालं." पाहुणा मान डोलवायचा आणि वहिनीच्या चिवड्याचं कौतुक सुरू करायचा.

चित्र आमच्याच घराचं होतं. अल्लीपूर गाव सोडलं की बैलबंडीनं जरा आडवाटेला गेल्यावर आमचं शेत, आणि शेतातच घर. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, अंगणात कडुनिंब, बाजूला विहीर. आता तुम्ही म्हणाल, त्यात न समजण्यासारखं काय? तर चित्रात भिंती होत्या जांभळ्या. छपराच्या माथ्यावर नारिंगी रंगाचे फटकारे. कडुनिंब कुठे निळा, कुठे तपकिरी. समोरची तूर म्हणजे पिवळे ठिपकेच ठिपके, आणि दारात एक बोटाएवढा लाल डाग. जवळ जाऊन पाहिलं तर घर दिसायचंच नाही, नुसते रंगाचे थेंब दिसायचे. मी तर सांगायचे की दादानं ब्रश झटकला आणि समोर कॅनव्हास होता.

नागपूरला चित्रकला शिकत असताना दादाला कुठल्याशा लायब्ररीत फ्रान्समधल्या चित्रकारांचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. ती माणसं म्हणे उघड्यावर बसून चित्रं काढायची आणि वस्तू सोडून उजेडच काढायची. दादाला तेव्हापासून उजेडाचं वेड लागलं. शाळेत आंबा, कपबशी आणि नक्षीचे चौकोन शिकवून शिकवून त्याचा जीव आंबून गेला होता. एका दिवाळीच्या सुट्टीत मांजरपाटाचं कापड चौकटीवर ताणून, त्याला सरस फासून तो गावाकडे घेऊन आला आणि रोज संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसायला लागला. दिवसभर लोळायचा. ऊन कललं की बसायचा आणि सूर्य बुडाला की लगेच सामान आवरायचा.

कापूस वेचणीचे दिवस. घरात एकेक हात मोलाचा. आईचं तोंड सुरूच असायचं. "घर का पयल्यांदा पाहून राह्यला का रे तू? इथंच त जल्मला!"

"माय, घर कोन काढून राह्यलं? मी घरावरचा उजेड काढून राह्यलो."

"मंग उजेड हाय तवर कापूस येच ना थोडा."

चित्र झालं तेव्हा शेजारच्या शेतांतले लोक बघायला आले. प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी हवं होतं. एकानं विचारलं, "आमची बंडी तिथंच उभी होती, थे काऊन नाई काढली?" दुसऱ्याला म्हैस दिसेना. आईला दादानं सांगितलं की तो लाल डाग म्हणजे तूच, लाल लुगड्यातली. ती पदर खोचून चित्राला नाक लावून उभी राहिली. "मले डोये नाई, नाक नाई, मी काय शेंदूर लावलेला धोंडा हाय?" म्हणाली आणि पुढे दोन दिवस दादाशी धड बोलली नाही.

शेवटी भाऊ आला. भाऊ म्हणजे आमचा मधला. दादा शिकला, मला शिकवत होते, आणि भाऊनं मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून वडलांच्या मागे शेत धरलं होतं. हातापायानं दणकट, स्वभावानं गाय. तो चित्रासमोर डोक्यावरची वैरण खाली न ठेवता उभा राहिला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "दादा, आपलं घर असं दिसलं असतं ना, तं माहं लगन कवाच झालं असतं."

आम्ही हसलो. पण त्यात खोटं काहीच नव्हतं.

आमच्याकडे शेतकरी राहतो गावात आणि शेतात फक्त कामाला जातो. शेतात घर बांधून कोणी राहत नाही. आमचे वडील राहिले. भावकीशी त्यांचं वाजलं आणि गावातला आपला हिस्सा टाकून ते सरळ शेतात घर बांधून मोकळे झाले. माणूस हट्टी. ते गेले, पण घर आणि त्यांचा हट्ट आमच्यासाठी ठेवून गेले. आजूबाजूला शेजार नाही, लाइट नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, साप-किरडू तर पाहुण्यासारखं ये-जा करणारं. भाऊला स्थळं येत होती. पण आमच्यात मुलगी पसंत झाली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला येतात, आणि गाडी नेमकी तिथे अडायची. माणसं यायची, अंगणात उभी राहायची, चारी दिशांना मान फिरवायची, जेवायची, "कळवतो" म्हणायची. त्यांचं कळवणं काही यायचं नाही. आई दर वेळी नव्या उमेदीनं सडा टाकायची. भाऊ तिशीच्या पुढे सरकत होता आणि आता तर "कळवतो" ऐकलं की तो आपला बैलांना पाणी पाजायला निघून जायचा. त्याचं असं गुपचूप निघून जाणं मला बघवायचं नाही. मी घरात सगळ्यांशी भांडायचे, भाऊशी मात्र कधी भांडता आलं नाही.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात आष्टीचं एक स्थळ आलं. मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका, दादाच्या एका सोबत्याच्या ओळखीतली. तिचंही वय त्या काळाच्या मानानं जरा उलटलं होतं, कारण बोलायला फटकळ, असं तो सोबतीच सांगून गेला. आष्टी जिल्ह्याच्या एका टोकाला, आमचं शेत दुसऱ्या टोकाला; तेव्हा मुलगी दाखवायला वर्ध्याला, आमच्याच बिऱ्हाडात आणायचं ठरलं.

भाऊ आणि आई आदल्या दिवशी आले. भाऊला दादाचा टेरिलिनचा सदरा घातला, तो खांद्यात इतका घट्ट झाला की बिचाऱ्याला हात वर करता येईना. मुलीसोबत तिचे वडील आणि मामा होते. वडील शांत, आणि त्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं मामाकडे. मुलगी बसली ती नेमकी चित्रासमोरच्या खुर्चीवर. रंग सावळा, अंगात निळं पातळ. रीतीप्रमाणे तिनं मान खाली घालायची असते. तिनं ती घातलीच नाही. मी पोहे दिले, तिनं बशी हातात घेतली आणि सगळा वेळ समोर, भिंतीकडे बघत राहिली. मामा तिचं शिक्षण सांगत होता, तिचा स्वयंपाक सांगत होता. भाऊ स्वतःच्या पायाचे अंगठे बघत होता.

शेवटी आईनंच विचारलं, "तुले काई इचारायचं हाय का बाई?"

असं विचारायची पद्धत असते. "नाही" म्हणायचीही पद्धत असते.

मुलगी म्हणाली, "दारात कोण उभं आहे?"

आम्ही सगळे वळून आमच्या दाराकडे बघायला लागलो. दारात कोणी नव्हतं. तिनं बोट केलं. "तिथं नाई. त्या चित्रात. ते लाल."

दादा खुर्चीतून अर्धा उठला. वर्षभरात त्या डागाला माणूस म्हणणारं ते पहिलं माणूस. आई पुढे झाली. "तुले कसं समजलं थे मानूस हाय म्हनून?"

"उभ्या राहण्यावरून. कोणाची तरी वाट पाहून राह्यल्यासारखं वाटलं."

"मी होय थे!" आई म्हणाली. एवढ्या आनंदानं तिला काही सांगताना मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं. "ह्याचीच वाट पाहून राह्यलती. बैल घेऊन यायचा होता हा." आणि तिनं भाऊकडे हात केला. मुलीनं चित्राकडे बघितलं, भाऊकडे बघितलं, परत चित्राकडे. "म्हणजे हे घर यांचं?"

दादा म्हणाला, "हो. याचंच. जसंच्या तसं."

जसंच्या तसं! दादाची जीभ तेव्हा जरा आवरती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण चित्रकाराला कौतुक भेटलं की त्याचं भान सुटतं. त्यानं पुढे अर्धा तास उजेड समजावून सांगितला आणि मामाचे पोहे थंड झाले.

चार दिवसांत सोबत्याच्या हाती निरोप आला. मुलीचा होकार आहे. पौष लागायच्या आत घर बघायला येतो. पौषात आमच्याकडे लग्नाची बोलणी करत नाहीत, म्हणून सगळी घाई. आई आणि भाऊ गावी परत गेले होते, तिकडे निरोप धाडला. दादा इतक्या खुशीत होता की त्यानं चित्रावरची धूळ स्वतः पुसली. आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दादा, वहिनी आणि मी अल्लीपूरच्या बसमध्ये बसलो.

बंडी हाकायला भाऊ स्वतः न येता गडी आला होता. त्याला मी विचारलं, "भाऊ काऊन नाई आला?" तर तो खालमानेनं हसला. "थे कामात हायेत," म्हणाला. "पाहसानच तुमी."

धुरा ओलांडला आणि पाहिलं.

घराची पुढची सगळी भिंत ठिपक्यांनी भरली होती. निळे, जांभळे, गेरूचे तांबडे, पिवडीचे पिवळे. काही गरगरीत, काही ओघळलेले. मूळची पांढऱ्या मातीची भिंत मधूनमधून भेदरल्यासारखी डोकावत होती. शिडीवर भाऊ उभा, डोक्याला फडकं, आणि हातात कापसाचा बोळा. तो बादलीत बुडवायचा आणि दात आवळून भिंतीवर टेकवायचा. बाजूला चुन्याची घमेली, निळीच्या पुड्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तर सणच झाला होता. धुऱ्यावरून एकजण ओरडून गेला, "काऊन भाऊ, घराले देवी निघाल्या काय?" वहिनीनं तोंडाला पदर लावला. मला आधी हसू आलं, मग आठवलं. उद्या माणसं येणार होती.

दादा बंडी थांबायच्या आत उडी मारून उतरला.

"काय करून राह्यला तू हे?"

"चित्रावानी करून राह्यलो."

"अरे, चित्र घरासारखं काढतेत! घर चित्रासारखं करतेत काय? अक्कल गहाण ठेवली काय?"

एवढा चिडलेला दादा मी कधी बघितला नव्हता. लोक त्याचं चित्र अपुरं म्हणायचे तेव्हाही तो चिडत नसे. भाऊ शिडीवरून उतरला. बोळा बादलीत ठेवला. हात कोपरापर्यंत निळे. तो हळूच बोलला, पण त्याच्या बोलण्यात मी तोवर कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

"दादा, तिनं जांभळी भिंत पायली ना? तुमी म्हनलं, जसंच्या तसं. ती थ्या जांभळ्या भिंतीले हो म्हनली, मले कोठं हो म्हनली? मले तं तिनं धड पायलंबी नाई. आता उद्या तिचे लोक येऊन पाहतीन तं भिंत पांढरी. मंग तिले फसवल्यावानी नाई होनार?"

आम्हाला वाटलं होतं, घर चांगलं दिसावं म्हणून हा खटाटोप. भाऊच्या डोक्यात ते नव्हतंच. त्याला एका मुलीशी खोटं वागायचं नव्हतं. इतका सरळ माणूस माझा भाऊ आहे याचा मला त्या क्षणी असा अभिमान वाटला, आणि इतका वेडा आहे याचा असा राग आला, की मी बंडीतून उतरून सरळ आत गेले आणि आईवर ओरडले. "तू काय करत होती? त्याले अडवलं नाई?"

आई चुलीपुढे बसली होती. "मले काय समजते माय? मले वाटलं दादानंच सांगितलं असन," ती म्हणाली. "थ्या पोट्टीले डागातून मी दिसली. म्हनलं, तिच्या नजरेले असंच पाह्यजे असन."

दादाचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता सगळं सारवून टाकू. आई म्हणाली, थंडीचे दिवस, सारवलेली भिंत दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या भिंतीच्या घरात पाहुणे घ्यायचे नसतात. मग राहिलं तसंच. विहिरीकडची भिंत तेवढी वाचली होती, कारण तिथवर पोचेपर्यंत चुना सरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दमणीतून, म्हणजे माणसं नेण्याच्या हलक्या बैलगाडीतून, पाहुणे उतरले. वडील, मामा, आणि त्यांच्या मागून ती, त्याच निळ्या पातळात. मुलीनं स्वतः घर बघायला यायचं, हे तेव्हा कोणी ऐकलंही नव्हतं. तिचे वडील ओशाळून म्हणाले, "म्हणाली, राहायचं मला आहे, बघायचं तुम्ही काऊन?" आई आत येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, "आष्टीची हाय. बेचाळीस साली तिकडचे लोक इंग्रजाले नाई भेले, मामाले काय भेतीन?"

मामानं भिंत बघितली. मग पुन्हा बघितली. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. "रंगपंचमी तं फाल्गुनात येते ना?" असं म्हणून तो स्वतःच मोठ्यानं हसला. दादा जमिनीकडे बघत होता. ज्या माणसानं आयुष्यात एक खरं चित्र काढलं, त्याला त्या चित्राची ही नक्कल समोर ठेवून बसावं लागत होतं. भाऊ पुन्हा दादाच्या त्याच सदऱ्यात, घामाघूम. मुलीनं अंगणात उभं राहून भिंतीकडे एकटक बघितलं, कपाळाला एक आठी घातली आणि आत गेली.

जेवणात तुरीच्या सोल्यांची भाजी होती, वांग्याचं भरीत होतं, ज्वारीच्या भाकरी होत्या. मामा दोन वेळा वाढून घेत होता आणि प्रत्येक घासागणिक घराची एक उणीव काढत होता. लाइट कधी येणार? दवाखाना किती लांब? रात्री शेजाराला कोण? भाऊ खरं ते सांगत होता. लाइट माहीत नाही. दवाखाना अल्लीपूरला. शेजाराला कोणी नाही. त्यानं एखादं तरी खोटं बोलावं म्हणून मी मनात देवाला विनवत होते. जेवणं झाली, सुपारी झाली. ऊन कलायला लागलं. संध्याकाळच्या बसनं त्यांना वर्ध्याला परतायचं होतं. मामानं धोतराचा सोगा झटकला आणि तो शब्द उच्चारला.

"कळवतो मग."

भाऊ उठला आणि दमणीला बैल जुंपायला निघून गेला. मी त्याची पाठ बघितली आणि माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात ती मला म्हणाली, "मला जरा तोंड धुवायचं होतं." मी तिला विहिरीवर घेऊन गेले. मी वरून पाणी ओतलं, तिनं तोंडावर ओंजळ मारली, पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. ती भाऊच्या हातून वाचलेली भिंत. नुसती पांढऱ्या मातीची.

"या भिंतीला काऊन रंग नाई दिला?"

"चुना सरला," मी म्हणाले. आता लपवण्यासारखं राहिलं तरी काय होतं? मी तिला सगळं सांगून टाकलं. जांभळी भिंत, जसंच्या तसं, आणि भाऊचं ते फसवल्यासारखं होईल म्हणणं. ती ऐकता ऐकता हसायला लागली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू. मग हसता हसता थांबली.

"अशी इकडं या," म्हणाली. "पाहा."

सूर्य घराच्या पलीकडे गेला होता. छपराच्या माथ्यावरची कवेलू पेटल्यासारखी नारिंगी झाली होती, आणि आमच्या पुढ्यातली, सावलीतली ती पांढरी भिंत जांभळी होती. खरोखर जांभळी. खालच्या बाजूला निळसर, वर पिकल्या जांभळाच्या सालीसारखी, आणि तुरीवरून येणारा पिवळा उजेड तिच्यात कुठे कुठे मिसळलेला. मी त्या घरात जन्मले. त्या विहिरीवर रोज संध्याकाळी भांडी घासून मोठी झाले. आणि ती भिंत मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"तुमच्या दादांनी खोटं नाई काढलं," ती म्हणाली.

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. रंग बघता बघता उतरायला लागला. दमणीकडून मामाची हाक आली. तिनं चपला घातल्या, एक पाऊल टाकलं आणि वळली.

"तुमच्या भावाला सांगा. पुढची भिंत पुसून टाका म्हणाव. नुसत्या पांढऱ्या मातीनं सारवून घ्या. नीळ नको, काई नको. रोज संध्याकाळी ती आपल्या मनानं रंग घेते."

मी पळत सुटले. चपला विहिरीवरच राहिल्या. भाऊ एक बैल जुंपून दुसऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. मी धापा टाकत निरोप सांगितला. त्यानं तो ऐकला, बैलाची मान सोडली, आणि पांढऱ्या मातीचं घमेलं आणि बादली उचलून अंगणात आला. फडक्याचा बोळा पाण्यात बुडवला आणि पाहुण्यांच्या देखत भिंत पुसायला सुरुवात केली. निळं, तांबडं, पिवळं पाणी त्याच्या दंडावरून, दादाच्या त्या टेरिलिनच्या सदऱ्यावरून वाहायला लागलं.

"अहो, हे काय करून राह्यले?" मामा ओरडला. "आमची बस जाईल!"

आई ओसरीवर उभी होती. तिनं एकदा भाऊकडे, एकदा विहिरीकडून सावकाश येणाऱ्या त्या मुलीकडे बघितलं. आईला चित्रातलं काही समजत नसेल, पण माणसातलं सगळं समजायचं. ज्या घरात राहायचं नाही त्या घराची भिंत कशी असावी, हे कोणतीही बाई सांगत नाही.

"जाऊ द्या बस," आई म्हणाली. "सुनेनं पयलं काम सांगितलं हाय. अर्ध्यात कसं सोडनार?"

मामाचं तोंड उघडं राहिलं. त्यानं भाचीकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिनं मान खाली घातली नव्हती. तिचे वडील पहिल्यांदा हसले, पुन्हा बाजेवर बसले आणि वहिनीला म्हणाले, "चहा ठेवता का बाई थोडा?" दादानं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मी बादली भरून भाऊजवळ नेऊन ठेवली. त्याच्या मिशीला पांढरी माती लागली होती. त्यानं आजूबाजूला बघितलं, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "भिंतीचं सांगितलं तिनं. माह्याबद्दल काई म्हनली का?"

"अरे येड्या," मी म्हणाले, "रोज संध्याकाळी म्हनली ती."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं वळून दाराकडे बघितलं. उजेड कमी झाला होता आणि चौकटीतलं निळं पातळ आता एका डागाएवढंच दिसत होतं. भाऊनं बोळा पिळला आणि उरलेली भिंत पुसायला घेतली.